ट्रॅक्टरचा आल्टरनेटर घरच्या घरी बदलताना

गळीत हंगाम भरात आला की गेवराई, माजलगाव, परळी, केजकडच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची ये-जा रात्रीही थांबत नाही. टोळीने संध्याकाळपर्यंत मोळ्या भरल्या की ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या जोडून निघतो तो अंधार पडल्यावरच. अशा वेळी मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ट्रॉली दिसत नाही, बाहेर आलेला ऊसही दिसत नाही. दिसलाच तर मागचा लाल दिवा दिसतो. रिफ्लेक्टर लावलेले असतात हे खरे, परंतु त्यावर पाचट लोंबले किंवा चिखल बसला की ते असून नसल्यासारखेच. आता हा दिवा लागतो कशावर? बॅटरीवर, असे बहुतेक सभासद सांगतील. ते अर्धेच खरे आहे. बॅटरी ही कणगी. तिच्यात धान्य टाकणारा आल्टरनेटर. भर टाकणे थांबले की कणगी किती दिवस पुरणार?

आपल्याकडे या वस्तूला अजून डायनामोच म्हणतात. जुन्या ट्रॅक्टरांवर आणि जीपगाड्यांवर खरोखरच डायनामो असे, म्हणून नाव राहिले. त्या डायनामोची खोड अशी, की इंजिन मंद चालत असले म्हणजे तो जवळजवळ काहीच देत नसे. पुढे सिलिकॉनचे डायोड स्वस्त झाले आणि १९६० साली अमेरिकेत क्रायसलर कंपनीने आपल्या व्हॅलियंट मोटारीवर आल्टरनेटर बसवूनच गाड्या विकायला काढल्या. आपल्या देशात लुकास-टीव्हीएस ही गाड्यांचे विजेचे सामान करणारी कंपनी १९६१ साली स्थापन झाली. आल्टरनेटरमध्ये फिरते चुंबक आत आणि तारांचे वेटोळे बाहेर असते. त्यात निघणारी वीज उलटसुलट वाहणारी असते. डायोड हे एकाच बाजूला उघडणाऱ्या फाटकासारखे काम करून ती सरळ करतात, आणि रेग्युलेटर तिला हाताबाहेर जाऊ देत नाही. इंजिन मंद चालू असतानाही तो बऱ्यापैकी वीज देतो, म्हणून काट्यापुढच्या रांगेत तासन्‌तास सरकत जाणाऱ्या गाडीला तो उपयोगी.

परंतु ट्रॅक्टरच्या बाबतीत एक फसवणूक आहे. पेट्रोलच्या मोटारीचा आल्टरनेटर गेला तर बॅटरी उतरताच ठिणगी बंद होते आणि गाडी उभी राहते, मालकाला कळतेच. साध्या डिझेल ट्रॅक्टरचे इंजिन एकदा सुरू झाले की त्याला विजेची गरज नाही. आल्टरनेटर मेला तरी तो दोन ट्रॉल्या ओढतच राहतो. "लाइट बारीक झाली, पण गाडी चालू हाय की," असे म्हणत चालक पुढे जातो. पुढचे दोन दिवे, मागचे दिवे आणि ट्रॉल्यांचे दिवे मिळून साधारण १५० वॅट धरले तर बॅटरीतून तासाला १२-१३ अँपिअर जातात. ८८ अँपिअर-अवरची बॅटरी नवी आणि पूर्ण भरलेली असेल तर सहा-एक तास निघतील. दोन-तीन वर्षे वापरलेली असेल तर त्याच्या निम्मेही नाहीत. म्हणजे संध्याकाळी निघालेली गाडी नेमकी धारूरच्या घाटात, वळणावर, अंधारात जायची. चालक-मालकांनी आल्टरनेटरकडे "बघू हंगाम संपल्यावर" या खात्यात टाकू नये, असे आम्ही म्हणतो ते याचसाठी. (५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम लागू झाले. त्यांतील ज्यांना इलेक्ट्रॉनिक पंप आहे ते बॅटरी उतरल्यावर बंदच पडतील.)

आता काम. आल्टरनेटर बदलणे हे दोन-तीन बोल्ट, एक पट्टा आणि दोन-तीन वायरींचे काम आहे. ज्याला पाने धरता येतात त्याला ते वस्तीवर, झाडाखाली, तासा-दीड तासात जमते. अवघड आहे ते बदलायची खरोखर गरज आहे का, हे ठरवणे. चांगला आल्टरनेटर काढून नवा बसवला आणि तक्रार तशीच राहिली, असे आपल्या भागात पुष्कळदा घडते.

त्यासाठी प्रथम पट्टा पाहावा. तो तेलकट, चिरलेला किंवा सैल असेल तर आल्टरनेटर फिरतो कमी आणि घसरतो जास्त. मग बॅटरीची टर्मिनले पाहावीत. त्यावर पांढरा-हिरवा थर चढला असेल तर गरम पाण्याने धुऊन, पॉलिश पेपरने घासून, घट्ट करून वर थोडे ग्रीस लावावे. यानंतर मीटर लावावा. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन सुरू करून थोडा ॲक्सिलेटर दिला की आकडा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान चढला पाहिजे. चढलाच नाही तर चार्जिंग नाही. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला आहे आणि बॅटरीचे पाणी उकळून आटणार आहे. आणखी एक वाचन आल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरीच्या बोल्टवर घ्यावे. तिथे १४ आणि बॅटरीवर १२ असतील तर आल्टरनेटर निर्दोष आहे. दोष मधल्या वायरीत किंवा फ्यूजमध्ये शोधावा.

चार्जिंगचा लाल दिवाही बोलतो, पण तो नीट ऐकावा लागतो. किल्ली फिरवताच तो लागला पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. मुळात लागतच नसेल तर पुष्कळजण खूश होतात, की बरे झाले, दिवा लागत नाही म्हणजे सारे ठीक. वास्तविक बऱ्याच आल्टरनेटरांना सुरुवातीचे चुंबकत्व या दिव्यातून जाणाऱ्या विजेनेच मिळते. बल्ब उडाला की आल्टरनेटर धडधाकट असूनही वीज देत नाही. एका बल्बापायी अख्खा आल्टरनेटर बदलणे म्हणजे चाकाच्या खिळीसाठी गाडी विकणे झाले.

एका खेडवळ परीक्षेपासून मात्र सभासदांनी दूर राहावे. इंजिन चालू ठेवून बॅटरीचे टर्मिनल काढायचे आणि गाडी किंवा दिवे चालू राहतात का ते पाहायचे, ही युक्ती डायनामोच्या काळातली. आल्टरनेटरवर ती केली तर बॅटरीचा आधार सुटताच व्होल्टेज एकदम उसळी घेते आणि चांगले डायोड व रेग्युलेटर जळू शकतात. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून सुरू करताना उलट वायर लागली, तरी हाच परिणाम. ट्रॉलीचा हूक गाडीला जोडलेला असतानाच वेल्डिंग करायचे झाले तर आधी बॅटरीच्या आणि आल्टरनेटरच्या वायरी सोडाव्यात.

बदलायचे ठरलेच तर जुना नग सोबत घेऊन दुकानात जावे. नुसते ट्रॅक्टरचे नाव सांगून चालत नाही. व्होल्ट, अँपिअर, कान कुठे आहेत, पुलीची खाच केवढी, मागचा प्लग कसा आहे, हे सारे जुळले पाहिजे. ट्रॅक्टर १२ व्होल्टचा आणि उसाचा ट्रक बहुधा २४ व्होल्टचा, हे विसरू नये. साधारणपणे ट्रॅक्टरवर ३५ ते ४५ अँपिअरचा आल्टरनेटर असतो. त्यावर कंपनीच्या दिव्यांखेरीज चार फोकस आणि कपाटाएवढे स्पीकर चालवायचे, आणि मग "डायनामो टिकत नाही मालक" म्हणायचे, याला आमच्याकडे उत्तर नाही. चालकाने रात्री जागे राहण्यासाठी गाणी ऐकू नयेत असे नाही, पण हिशेब एकाच कणगीचा आहे.

काढताना गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा, किल्ली काढून खिशात ठेवावी, इंजिन गार होऊ द्यावे. प्रथम बॅटरीची अर्थची, म्हणजे वजा बाजूची वायर सोडून बाजूला बांधावी. जाड वायरीत थेट बॅटरीची वीज असते. पाना लोखंडाला टेकला तर ठिणगीने हातही भाजतो. वायरी सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढावा किंवा प्रत्येकीला निराळ्या रंगाचा दोरा बांधावा. मग पट्ट्याच्या ताणाचा बोल्ट सैल करून आल्टरनेटर इंजिनाकडे ढकलला की पट्टा उतरतो. खालचा लांब बोल्ट ओढताना एक हात आल्टरनेटरखाली हवाच, नाहीतर पाच किलोचे ते धूड पायावर येते. बोल्टवरची वॉशरे ज्या क्रमाने निघाली त्याच क्रमाने फडक्यावर मांडावीत.

येथे जीप आणि पिकअपवाल्यांसाठी सांगणे आहे. बऱ्याच डिझेल गाड्यांत आल्टरनेटरच्या पाठीलाच व्हॅक्यूम पंप जोडलेला असतो, त्याला तेलाच्या नळ्या असतात आणि ब्रेकला जोर त्यावरच मिळतो. तसा पंप दिसला तर घरी हात घालू नये. चार्जिंग चुकले तर दिवे जातील. ती नळी चुकली तर ब्रेकचा जोर जाईल. ते काम मेकॅनिककडेच द्यावे.

नवा बसवताना बोल्ट आधी हातानेच फिरवावेत. इंजिनची पुली आणि आल्टरनेटरची पुली एका रेषेत आहेत का, हे ताणलेल्या सुतळीने पाहावे. वाकडा पट्टा आठवड्यात कडा खातो. ताण देण्यासाठी टॉमी न घालता लाकडी दांडके घ्यावे आणि ते पुढच्या जाड भागाला टेकवावे. मधल्या वेटोळ्याला किंवा मागच्या झाकणाला जोर लावू नये. दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबल्यावर पट्टा साधारण अर्धा इंच दबावा. जास्त ताणला तर बेरिंग ओरडू लागते. पुष्कळ ट्रॅक्टरांत याच पट्ट्यावर पंखा आणि पाण्याचा पंपही फिरतो, तेव्हा तो तुटला तर इंजिनही तापणार. बोल्ट आवळून झाले की मागच्या वायरी, आणि अर्थची वायर सर्वांत शेवटी.

सुरू करून मीटर पाहावा. दोन्ही ट्रॉल्यांचे दिवे लावून पुन्हा पाहावा. पूर्ण उतरलेली बॅटरी मात्र बाहेर चार्ज करून आणावी. नव्या आल्टरनेटरला पहिल्याच दिवशी मेलेली बॅटरी भरायला लावले तर तो तापतो. जुना नग भंगारात देऊ नये. ऑटो इलेक्ट्रिशियनकडे तो उघडून घ्यावा. नुसते कार्बन झिजलेले किंवा रेग्युलेटर गेलेला निघाला तर थोड्या पैशात दुरुस्त होऊन हंगामभर जोडीला राहतो. आणि पहिली खेप टाकून आल्यावर पट्टा पुन्हा दाबून पाहावा, कारण नवा पट्टा एका दिवसात थोडा सैल पडतोच.