नागपूरच्या उन्हात तांब्याचीच तार हवी

23 मे 2013 रोजी नागपुरात पारा 47.9 अंशांवर गेला होता, तोही सावलीत. गच्चीवरून नेलेली नेटवर्कची केबल थेट उन्हात असते, ती याहून कितीतरी जास्त तापते. तापलेल्या तांब्याचा विद्युतरोध दर अंशाला सुमारे 0.4 टक्क्याने वाढतो. इथरनेट केबलची 100 मीटरची मर्यादा 20 अंशांना धरलेली आहे. 60 अंशांना सिग्नल साधारण 20 टक्के जास्त क्षीण होतो.

पंचवीस-तीस मीटरच्या घरात एवढ्याने काही अडत नाही. गिगाबिट वेगाला कॅट-5ई पुरते. भिंतीत दाबायची असेल तर मात्र कॅट-6 घ्यावी, कारण पुन्हा भिंत फोडण्याचा खर्च केबलपेक्षा मोठा. कॅट-6ए लांब अंतरावर 10 गिगाबिट हवं असेल तेव्हाच.

खरी काळजी धातूची. स्वस्त केबलमध्ये अनेकदा ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. खोक्यावर बारीक अक्षरांत ‘सीसीए’ लिहिलेलं सापडतं. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या जेमतेम 61 टक्के. सीताबर्डीत 305 मीटरचं खोकं उचलण्याआधी वीतभर तुकडा मागा, एक तार सोला आणि ब्लेडने खरवडा. तांबं आतूनही लालसरच निघतं. पांढरं चमकलं तर खोकं परत करा. गच्चीवरच्या कॅमेऱ्याला वीजही याच केबलमधून जाते. रात्री त्याचे इन्फ्रारेड दिवे लागले की तो जास्त वीज ओढतो, लांब सीसीए तारेत व्होल्टेज पडतं आणि कॅमेरा सारखा बंद-चालू होतो. दोष मात्र कॅमेऱ्यावर येतो.

उन्हाळ्यात घरोघरी कूलर, म्हणजे मोटारीचा विद्युत गोंगाट आलाच. त्यावरचा उपाय अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी 1881 मध्येच पेटंट केला होता: दोन तारांना एकमेकींभोवती पीळ. गोंगाट दोन्ही तारांवर जवळपास सारखाच बसतो, पलीकडचं यंत्र फक्त दोन्हींमधला फरक वाचतं, आणि गोंगाट वजा होतो. केबलमधल्या चारही जोड्यांचा पीळ वेगवेगळा असतो, म्हणजे शेजारच्या जोडीचा सिग्नलही आत शिरत नाही. हे इतकं सुरेख काम कनेक्टर बसवताना घाईत बिघडतं. टोकाशी 13 मिलिमीटरपेक्षा जास्त पीळ उलगडू देऊ नका, आणि कूलरच्या वायरीसोबत एकाच पाइपमधून केबल कधीच नेऊ नका. उघड्यावर काळ्या पॉलिइथिलीन आवरणाची केबल वापरा. त्यातला कार्बन ऊन अडवतो. दोन इमारती जोडायच्या असतील तर मात्र तांबं नकोच. पावसाळ्यातली वीज तारेतून थेट स्विचपर्यंत पोचू शकते, म्हणून तिथे धातू नसलेली फायबर केबल टाका.