रंगवायला बसलेला रोगी

सोलापूर शहराला लागून मुळेगाव तांडा आहे. हातभट्टीसाठी नाव निघालेला. पोलिसांनी धाड घालायची, रसायनाची पिंपं ओतून द्यायची आणि थोड्याच दिवसांत भट्टी पुन्हा पेटायची, हे वर्षानुवर्षं चाललं. 2021 साली तेव्हाच्या ग्रामीण पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’ हाती घेतलं. धाडी चालूच राहिल्या. पण जोडीला अधिकाऱ्यांनी एकेक गाव दत्तक घेतलं, समुपदेशन केलं, बायकांच्या हाताला शिवणकाम मिळालं. भट्टी फोडली की तिच्या जागी काहीतरी ठेवावं लागतं, हे सोलापूरकरांना आता कुणी शिकवायला नको.

हीच गोष्ट माणसाच्या मेंदूबद्दल म्हटली, की मात्र आपण कानांवर हात ठेवतो. गर्द, म्हणजे हेरॉइन, सोडवायला औषध, तेही अफूच्याच गोतातलं? छे! त्यापेक्षा महिनाभर कुठेतरी कोंडा, आपोआप सुधारेल.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत 1964 साली ज्यांनी या समजुतीला पहिला तडा दिला, ते डॉ. व्हिन्सेंट डोल व्यसनांचे डॉक्टर नव्हतेच. त्यांचा विषय चयापचय आणि लठ्ठपणा. हेरॉइनच्या व्यसनावर वाचता वाचता डॉ. मेरी निस्वांडर या मनोविकारतज्ज्ञ बाईंचं पुस्तक त्यांच्या हाती आलं आणि त्यांनी बाईंनाच बोलावून घेतलं. बाईंनी केंटकीतल्या लेक्सिंग्टनच्या सरकारी रुग्णालयात काम केलेलं होतं. तिथे महिनोन् महिने राहून ‘स्वच्छ’ झालेले लोक बाहेर पडत आणि पुन्हा सुई हातात घेत. दहातले नऊ. या दोघांच्या जोडीला तिसरी डॉ. मेरी जीन क्रीक, अजून तिशीही न गाठलेली.

पहिले दोन रोगी दाखल झाले. कल्पना साधी होती: मॉर्फिनचा ठरावीक डोस देत राहिलं तर माणूस स्थिरावेल का? नाही स्थिरावला. डोस वाढतच गेला. दोघंही अंगात झगे घालून टीव्हीसमोर बसून असत, अर्धवट पेंगत, पुढच्या इंजेक्शनची वाट पाहत. प्रयोग फसला होता. आता त्यांना हळूहळू मॉर्फिनवरून उतरवून घरी पाठवायचं, म्हणून मेथाडोन दिलं. हे 1930च्या दशकाअखेर जर्मनीत वेदनाशामक म्हणून तयार झालेलं जुनंच औषध. मॉर्फिनचा डोस मोठा होता, म्हणून मेथाडोनही भरपूर द्यावं लागलं.

आणि काही दिवसांत त्यातला थोरला रोगी चित्रं रंगवायला बसला. धाकटा म्हणाला, मला शाळेची राहिलेली परीक्षा द्यायचीय, बाहेर सोडा.

डॉक्टर चक्रावले. शरीरात औषध तर अफूच्याच जातीचं, मग माणसं जागी कशी झाली? उत्तर वेळेत होतं. हेरॉइनचा अंमल चार-सहा तासांत उतरतो. म्हणजे माणूस दिवसातून चार वेळा स्वर्गात आणि चार वेळा टर्कीत. टर्की म्हणजे काय ते गर्दुल्ल्याच्या आईला विचारा: नाक-डोळे गळताहेत, अंगावर काटा, हाडं मोडल्यासारखी, पोटात कळा आणि पाय स्वस्थ राहत नाहीत. मेथाडोन मात्र तोंडावाटे घेतलेल्या एका डोसात दिवसभर टिकतं. झोका थांबतो. झोका थांबला, की माणसाला इतर गोष्टी आठवतात. रंग, शाळा.

नार्कोटिक्स खात्याचा माणूस येऊन डोलना म्हणाला, तुम्ही कायदा मोडताय. डोल म्हणाले, मग खटला भरा, न्यायालय ठरवेल. खटला काही भरला गेला नाही. 1965 साली 22 रोग्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला.

आपल्याकडे गर्दची लाट ऐंशीच्या दशकात आली. अनिल अवचटांनी पुण्या-मुंबईतल्या गर्दुल्ल्यांवर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये दिले, आणि 29 ऑगस्ट 1986 रोजी अवचटांच्या पत्नी डॉ. सुनंदा यांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथली वाट संपूर्ण व्यसनमुक्तीची. टर्कीपुरती औषधं, मग गट, समुपदेशन, कामं, पाठपुरावा. व्यसनी नवऱ्यांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट. व्यसनी म्हणजे गुन्हेगार नव्हे, आजारी माणूस, हे मराठी घरांना खऱ्या अर्थानं मुक्तांगणनं शिकवलं. सोलापूरच्या घरांनाही. हे ऋण मोठं आहे.

म्हणूनच पुढचं लिहिताना हात जरा थबकतो. गोळी आणि आधार यांची लढाई लावून द्यायला मला आवडत नाही. पण स्टॉकहोममध्ये 2003 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास नजरेआड करता येत नाही. हेरॉइनचे चाळीस रोगी. सगळ्यांना सारखाच आधार: गट, समुपदेशन, सगळं. वीस जणांना वर्षभर ब्युप्रेनॉर्फिन, ही मेथाडोनसारखीच अफूच्या जातीची, जिभेखाली ठेवायची गोळी. उरलेल्या वीस जणांना सहा दिवसांत औषधावरून उतरवलं आणि पुढे दिसायला तशीच, पण बिनऔषधाची गोळी. वर्षाअखेर पहिल्या गटातले पंधरा जण उपचारात टिकून होते. दुसऱ्या गटातला एकही नाही. आणि त्या वीसांपैकी चौघं मेले होते.

आधार कमी पडला असं नव्हे. आधारापर्यंत पोचायला माणूस शिल्लक राहावा लागतो. महिनाभर कोरडं राहिलेलं शरीर जुना डोस सोसण्याची सवय विसरतं. पण माणसाच्या मनातलं माप तेच राहतं. बाहेर आल्यावर ‘एकदाच’ म्हणून तो पूर्वीइतकीच पुडी घेतो आणि श्वास थांबतो. दारूबाबत हा धोका असा नाही, म्हणून दारूचा धडा गर्दला जसाच्या तसा लावणं मला चुकीचं वाटतं.

औषधाचीही किंमत आहे. मेथाडोन जास्त झालं तर तेही मारतं. रोज केंद्रावर हजेरी, नर्ससमोर डोस. थांबवायचं तर महिनोन् महिने हळूहळू उतरावं लागतं, आणि कित्येकांना वर्षानुवर्षं घ्यावंच लागतं. तरीही जागतिक आरोग्य संघटनेनं 2005 साली ही दोन्ही औषधं अत्यावश्यक यादीत घातली. आपल्या देशात सुईनं नशा करणाऱ्यांसाठी एचआयव्ही रोखण्याच्या सरकारी कार्यक्रमातून ब्युप्रेनॉर्फिन मोफत मिळतं, आणि 2012 साली दिल्लीच्या एम्समध्ये मेथाडोनही सुरू झालं.

तेव्हा मुलाला पुण्याच्या एखाद्या केंद्रातून घरी आणायला गेलात, तर संध्याकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडण्याआधी डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: याला पुढे कोणतं औषध, आणि किती दिवस? मुलालाही तोंडावर सांगा, की जुनं माप आता त्याला पेलणार नाही. विचारायला जवळ डॉक्टर नसतील, तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे: 14446. फोन मोफत लागतो.