बेल्ट आहे, पण हुक कुठे?

मृग लागायच्या आत छपराची डागडुजी उरकायची, हा राईस मिलचा दरवर्षीचा हिशेब. आणि गोंदियात राईस मिलना तोटा नाही. फुटलेला सिमेंटचा पत्रा बदलायचा, गंजलेले जे-बोल्ट काढायचे, एलिव्हेटरच्या टोपाशी गळणारी फट बुजवायची. वर चढलेल्या माणसाला हटकलं तर तो छातीवरचा पट्टा दाखवतो: ‘बेल्ट घातलाय ना!’ घातलेला असतोही. पण त्याच्या दोरीच्या टोकाचा हुक कधी पाठीवर लोंबत असतो, कधी पाण्याच्या पाइपाला अडकवलेला, तर कधी ज्या पत्र्यावर माणूस उभा आहे त्याच पत्र्याच्या बोल्टात. पत्रा गेला की बोल्टही गेला.

जीव वाचवतो तो हुक आणि हुक ज्यात अडकतो तो आधार. त्याचं गणित शाळेतल्या भौतिकशास्त्राचंच आहे. 80 किलोचा माणूस 1.8 मीटर पडायला 0.6 सेकंद लागतात आणि तेवढ्यात त्याचा वेग ताशी 21 किलोमीटरच्या घरात जातो. हात पुढे करून काही धरायला एवढा वेळ पुरत नाही. आता हा वेग किती अंतरात थांबवायचा, यावर सगळं अवलंबून. ताठ दोरीने तो 10 सेंटिमीटरात थांबवला तर शरीरावर सरासरी सुमारे 15 किलोन्यूटन, म्हणजे दीड टनाचा झटका बसतो. कंबरपट्ट्यावर तो बसला तर पोटातल्या अवयवांची काय गत होईल, हे सांगायला नको. अमेरिकेत पडणाऱ्या माणसाला रोखण्यासाठी कंबरपट्टा वापरायला 1 जानेवारी 1998पासून बंदी आहे. पूर्ण अंगाच्या बेल्टच्या दोरीला जी जाड पुरचुंडी शिवलेली असते, तिच्यातली शिवण झटक्यासरशी टराटरा उसवत जाते. थांबण्याचं अंतर मीटरभर वाढलं की सरासरी बल सव्वादोन किलोन्यूटनच्या आसपास उतरतं. हे बल कोणत्याही क्षणी 6 किलोन्यूटनच्या वर जाऊ नये, अशी या झटका शोषणाऱ्या पुरचुंडीची मर्यादा.

आधाराकडून अपेक्षा मात्र याच्या दुपटीची. युरोपीय मानकात एका माणसाच्या आधाराची चाचणी 12 किलोन्यूटनने होते. अमेरिकेत माणशी 5000 पौंड, म्हणजे 22 किलोन्यूटन. जिल्ह्याच्या भाषेत 12 किलोन्यूटन म्हणजे धानाची 40 किलोची 30 पोती एका बिंदूवर टांगणं. ज्या पाइपाला किंवा कठड्याला 30 पोती टांगायची कुणाची छाती होणार नाही, त्याला हुकही लावू नये. शेडमध्ये असा भरवशाचा भाग बहुधा लोखंडी कैचीच्या सांध्यापाशी सापडतो, आणि तोही अभियंत्याने तपासून खूण केलेला हवा. बांधतानाच कैचीवर दोन कड्या जोडून घेतल्या तर खर्च किरकोळ असतो. चालू मिलमध्ये तेच काम डोकेदुखी होतं.

हुक डोक्याच्या वर लावायचा की पायाशी, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. पायाशी लावला तर बेल्टची पाठीवरची कडी आधाराच्या दीड मीटर वर असते, म्हणजे 1.8 मीटरची दोरी ताणली जाईपर्यंत माणूस 3.3 मीटर मोकळा पडतो. पुढे पुरचुंडी उसवून आणखी पावणेदोन मीटरपर्यंत खाली. त्यात कडीपासून तळपायापर्यंतची उंची धरली तर पाय आधाराच्या पाच मीटर खाली पोचतात. शेडची वळचण पाच मीटरवर असेल तर बेल्ट, हुक, आधार सगळं धड राहूनही पाय फरशीवर आदळतात. म्हणून खाली सहा मीटर मोकळे नसतील तर आखूड दोरी किंवा झटक्यासरशी अडणारी गुंडाळदोरी वापरतात.

हुकातही फसवेगिरी आहे. साध्या स्प्रिंगच्या हुकाची जीभ कडीला टेकून वळली तर कडीच जीभ दाबते आणि हुक आपोआप निसटतो. दोनदा दाबल्याशिवाय न उघडणारे हुक यासाठीच आले. अमेरिकेत कंबरपट्ट्याबरोबर न अडणारे हुकही त्याच दिवशी बाद झाले. गिर्यारोहकांच्या कॅराबिनरवर दोन आकडे कोरलेले असतात, उदाहरणार्थ 20 आणि 7. पहिला लांबीच्या दिशेचा, दुसरा आडव्या ओढीचा. तोच तुकडा आडवा फिरला की ताकद एक तृतीयांशावर येते.

जिल्ह्यातल्याच तिरोड्याच्या 3300 मेगावॉटच्या वीज केंद्रातून निघालेली 765 केव्हीची लाईन कोराडी, अकोला करत छत्रपती संभाजीनगरकडे जाते. तिच्या मनोऱ्यावर चढणाऱ्याला दोन दोऱ्या लागतात: एक हुक सुटण्याआधी दुसरा अडकलेला. मनोऱ्यावर चढायचे बोल्ट पायासाठी असतात, हुकासाठी नाहीत. हुक जायला हवा मनोऱ्याच्या मुख्य लोखंडी अँगलांना.

छपरावर मात्र आडव्या जीवनदोरीचा मोह होतो. आढ्याजवळ दोन खांब, मध्ये घट्ट ताणलेली तार, तिच्यावर हुक सरकवत काम. घट्ट म्हणजे भक्कम, असं वाटतं, घडतं उलटं. 10 मीटरच्या तारेवर मधोमध पडणाऱ्या माणसाचा झटका 6 किलोन्यूटन आणि तार अर्धा मीटर खाली आली, तर दोन्ही टोकांना प्रत्येकी सुमारे 30 किलोन्यूटन ओढ बसते. झोल एक मीटर झाला तर तीच ओढ निम्मी, पंधराच्या जवळ. विजेच्या तारांना मनोऱ्यांमध्ये झोल ठेवतात त्यामागेही हाच हिशेब. पण झोल वाढला की माणूसही तेवढाच खाली जातो, तेव्हा अंदाजाने तार ओढून चालत नाही. टोकं निखळली तर पडणारा एकटा पडत नाही, त्याच तारेवरचे सगळे पडतात.

एवढं सगळं जमून माणूस लटकला, तरी काम संपत नाही. पाय हलवता न येता टांगून राहिलं की रक्त पायांत साचतं, मेंदूकडे कमी जातं, आणि काही मिनिटांतच घेरी येऊ शकते. अग्निशमन दलाची गाडी बांधाबांधाने शेतातल्या मनोऱ्यापर्यंत यायला किती वेळ लागेल, याचा अंदाज तिथल्या प्रत्येकाला आहे. म्हणून खाली कोण उतरवणार आणि कोणत्या दोरीने, हे चढण्याआधी ठरवावं लागतं. आणि ज्या बेल्टने एकदा झटका झेलला तो पुन्हा वापरायचा नाही, शिवण वरून कितीही शाबूत दिसो. त्याचे पट्टे विळ्याने कापूनच टाकावेत. नुसता गोदामाच्या खुंटीला लावला तर पुढच्या मे महिन्यात तो कुणाच्या तरी अंगात चढतो.