समुद्र नाही, पण चौपाटी आहे!

कोल्हापूर आणि समुद्राच्या मध्ये अख्खा सह्याद्री उभा. तरी इथं चौपाटी आहे आणि समुद्राचा देवही! १९४० च्या दशकात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीत जुन्या वस्तूंचा साठा सापडला. त्यात ग्रीकांचा सागरदेव पोसायडन याची हातात मावेल एवढी कांस्यमूर्ती होती, रोमन व्यापाराच्या काळातली. ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. टाऊन हॉलच्या बागेत फिरायला जाणारे कितीतरी जण तिला न बघताच परततात, याची हळहळ वाटते.

चौपाटी अर्थातच रंकाळ्याची. इथं पूर्वी दगडाची खाण होती आणि भूकंपाने तिचं तळं झालं, असं जुनी माणसं सांगतात. पाणी खूप उतरलं की तळ्यातला संध्यामठ उघडा पडतो. काठावरचा शालिनी पॅलेस १९३० च्या दशकातला. संध्याकाळी भेळ, भाजलेलं कणीस आणि तळ्यावरचा गार वारा, लई भारी!

आता खासबाग. नावातच बाग आहे, कारण ही राजघराण्याची खासगी बागच होती. शाहू महाराज १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले, त्या प्रवासात त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं. परतल्यावर या जागेवर कुस्तीचं मैदान उभं राहिलं. १९१२ मध्ये ते पूर्ण झालं. मैदानाची खरी करामत उतारात आहे. मधोमध उंच हौदा, त्याच्याभोवती सगळीकडून चढत गेलेली जमीन. पुढच्याच्या डोक्याआड कुस्ती जात नाही, अगदी शेवटच्या माणसालाही डाव दिसतो. हौद्यातल्या तांबड्या मातीत ताक, तेल, लिंबू, हळद मिसळतात. माती मऊ राहते, पैलवानाला लागत नाही. राजाने आपली बाग मोडून रयतेला मैदान दिलं, शहर नियोजनाचा याहून उमदा नमुना मला माहीत नाही.

शेजारीच १९१५ चं पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत होरपळलं. दुसऱ्या दिवशी गायक-नट केशवरावांची जयंती होती. त्या रात्री अख्खं कोल्हापूर हळहळलं.

आणखी एक गंमत, थोडी बोचरी. कोल्हापूर हे तळ्यांचं गाव होतं. वरुणतीर्थ बुजलं, तिथं गांधी मैदान झालं. कपिलतीर्थाच्या जागी मंडई आली. खेळायला जागा मिळाली, भाजीची सोय झाली, हे खरंच. पण जोराचा पाऊस झाला की गांधी मैदानात आजही पाणी साचतं, कारण जमिनीचा खोलगटपणा काही गेलेला नाही.

 

उरलेल्या तळ्यांत रंकाळा सगळ्यांचा लाडका, पण जलपर्णी आणि सांडपाण्याने त्याला अनेकदा ग्रासलं आहे. नवी कारंजी, नवे दिवे नंतर बघू. आधी त्यात जाणारं सांडपाणी पुरतं थांबवा. आणि मंडळी, भेळेचा कागद पाण्यात नको, डब्यात टाका.