गाठ वाढली म्हणजे नेमकं काय झालं?

अकोल्याहून सोनोग्राफी करून अकोटला परतणाऱ्या बाईच्या पर्समध्ये रिपोर्टचं पाकीट असतं आणि डोक्यात एकच आकडा. तीन महिन्यांपूर्वी ४.२ सेंटिमीटर, आता ५.१. गाडी गावात शिरेपर्यंत मोबाइलवर नको ते सगळं वाचून झालेलं असतं. उरलेलं काम शेजारीण करते: "पिशवीले गाठ आहे अन् ते वाढून राह्यली म्हणे, तं काढूनच टाक ना वं बाई एकडाव!"

शेजारणीच्या या मायेच्या सल्ल्यात गैरसमज ठासून भरलेले आहेत.

पहिला 'पिशवी'चा. वऱ्हाडातच काय, सगळ्या महाराष्ट्रात पिशवी म्हणजे गर्भाशय. ही गाठ मात्र अंडाशयात असते. गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना असलेली अंडाशयं जेमतेम ३ सेंटिमीटर लांबीची. नुसतं गर्भाशय काढल्यानं तिथली गाठ जात नाही. या गोंधळाची किंमत राज्यानं पाहिली आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार महिलांच्या प्रश्नावर २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्यामागे कामाची सक्ती होती, पैसा होता आणि 'नाहीतर कॅन्सर होईल' ही भीतीही होती. पाळी जायच्या वयाआधी अंडाशयंही काढली, तर हाडं ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो.

दुसरा गैरसमज 'गाठ' या शब्दाचा. रिपोर्टमध्ये तिला 'सिस्ट' म्हणतात, आणि बहुतेक सिस्ट म्हणजे पाण्यानं भरलेला पातळ फुगा. दर महिन्याला अंडाशयात असा एक फुगा तयार होतोच. २ ते अडीच सेंटिमीटरचा झाला की फुटतो आणि स्त्रीबीज बाहेर पडतं. एखाद्या महिन्यात तो फुटत नाही, भरत राहतो. कधी त्यात थोडा रक्तस्राव होतो आणि तो आणखी मोठा दिसतो. असे फुगे बहुतेक वेळा दोन-तीन पाळ्यांत आपोआप जिरतात. शिवाय मोजमापातही फरक पडतो. लिंबू उभं मोजलं की आडवं, यानं आकडा बदलतो, तसंच मशीन आणि मोजणारा हात बदलला की काही मिलिमीटर इकडचे तिकडे होतात. म्हणून पुढची सोनोग्राफी पाळी संपल्यावर लगेच आणि शक्यतो त्याच ठिकाणी केलेली बरी.

सगळ्याच सिस्ट जिरत नाहीत, हेही खरं. 'चॉकलेट सिस्ट'मध्ये जुनं रक्त साठलेलं असतं. डर्मॉइडमध्ये तर केस, चरबी, कधी दातही सापडतात. हे ऐकून काही घरांत करणीचा विषय निघतो. प्रत्यक्षात कुठलाही अवयव घडवू शकणाऱ्या पेशींचा तो उद्योग; वर्षाला काही मिलिमीटर एवढ्याच वेगानं वाढणारा.

मग कॅन्सर? ब्रिटनमधल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या मार्गदर्शिकेनुसार पाळी सुरू असलेल्या बायकांमध्ये त्रास देणारी सिस्ट कॅन्सरची असण्याचं प्रमाण हजारात सुमारे एक आहे. पन्नाशीत ते हजारात तीनच्या आसपास जातं. तीच मार्गदर्शिका साध्या, एका कप्प्याच्या, ५ सेंटिमीटरपेक्षा लहान सिस्टचा पाठपुरावाही सहसा आवश्यक मानत नाही; ५ ते ७ असेल तर वर्षानं सोनोग्राफी, त्याहून मोठी असेल तर पुढची तपासणी किंवा शस्त्रक्रिया. म्हणजे रिपोर्टमध्ये आकड्याआधी वर्णन वाचायचं. आत घट्ट भाग, जाड पडदे, कोंब किंवा पोटात पाणी असं काही लिहिलं असेल, तर लगेच तज्ज्ञ गाठायला हवा. पाळी कायमची थांबल्यावर दिसलेली सिस्टही अंगावर काढायची नाही.

सीए-१२५ या रक्ततपासणीनं तर भीती दुप्पट होते. ३५ च्या वर आकडा गेला की घरात रडारड. पण पाळी चालू असताना, फायब्रॉइड, एंडोमेट्रिओसिस किंवा पोटाचा टीबी असतानाही तो वाढतो. आपल्याकडे टीबी काही दुर्मीळ नाही.

'गोळ्यांनी विरघळवू' या आशेलाही फारसा आधार नाही. गर्भनिरोधक गोळ्या नव्या सिस्ट होऊ नयेत म्हणून उपयोगी पडतात. असलेली सिस्ट त्यांनी लवकर जिरते, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. शस्त्रक्रिया लागलीच, तर अनेकदा दुर्बिणीतून फक्त सिस्ट काढता येते. एक अंडाशय गेलं तरी दुसऱ्याच्या भरवशावर मूल होऊ शकतं.

उरतो तो वाट पाहण्याचा काळ, आणि खरा छळ तोच करतो. काहीच केलं जात नाही, असं वाटत राहतं. अशा वेळी कालनिर्णयवर पुढच्या सोनोग्राफीची तारीख आणि दुखलेले दिवस लिहून ठेवणारी बाई, रोज रात्री मोबाइल चाळणारीपेक्षा निवांत झोपते. डॉक्टरांना विचारायचे प्रश्नही त्याच पानामागे लिहिता येतात: कोणत्या प्रकारची आहे, काय दिसलं तर काढावी लागेल, अंडाशय वाचेल का?

एका प्रसंगी मात्र वाट पाहायची नाही. एका बाजूला अचानक असह्य कळ आणि सोबत उलट्या, म्हणजे अंडाशयाला पीळ पडलेला असू शकतो. मोठ्या सिस्टमध्ये हा धोका अधिक. तेव्हा ओवा-हिंग देत सकाळची वाट पाहण्यापेक्षा रात्रीच गाडी काढून शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय गाठलं पाहिजे. वेळेत पीळ सोडवला, तर काळंनिळं पडलेलं अंडाशयही बऱ्याचदा पुन्हा कामाला लागतं.