मूत्राशयात ‘चांगले’ जंतू: उपाय कुठवर आलाय?

मणक्याला जबर मार लागला की लघवीची जाणीव जाते, नळी येते आणि नळीपाठोपाठ जंतुसंसर्ग. वर्धा जिल्ह्यात अशा रुग्णाची धाव सेवाग्रामच्या कस्तुरबा किंवा सावंगीच्या विनोबा भावे रुग्णालयाकडे. वारंवार अँटिबायोटिक घेऊन जंतू निर्ढावतात. म्हणून संशोधकांनी काट्यानं काटा काढायचं ठरवलं: निरुपद्रवी जंतूच मूत्राशयात सोडायचे, म्हणजे घातक जंतूंना जागा उरत नाही.

यातला गाजलेला वाण ई. कोलाय ८३९७२. स्वीडनमधल्या एका मुलीच्या मूत्राशयात तो तीन वर्षं काहीही त्रास न देता राहिला होता. ह्यूस्टनच्या संशोधकांनी तो मणक्याच्या रुग्णांत सोडून पाहिला. ज्यांच्यात टिकला त्यांना संसर्ग कमी झाले. गोम अशी, की अनेकांत तो टिकलाच नाही. लॅक्टोबॅसिलस हे दह्या-ताकातले जंतू थेट मूत्राशयात सोडण्याचे प्रयोगही अजून प्राथमिकच आहेत. तोंडाने घ्यायच्या प्रोबायोटिक (चांगल्या जंतूंच्या) कॅप्सूलचा ऑस्ट्रेलियातल्या २०७ रुग्णांच्या चाचणीत (२०१९) फायदा दिसला नाही. ताक खुशाल प्या, पण इलाज म्हणून नव्हे. आणि घरचं काहीही नळीवाटे आत सोडू नका!

तूर्त भरवशाचा मार्ग १९७२ मध्ये मूत्ररोगतज्ज्ञ डॉ. जॅक लॅपिडिस यांनी मांडलेलाच: साबणानं हात धुऊन, दर चार-सहा तासांनी स्वच्छ नळीनं मूत्राशय रिकामं करणं. नुसती गढूळ लघवी म्हणजे संसर्ग नव्हे. ताप, थंडी किंवा पायांचा ताठरपणा वाढला तर अँटिबायोटिकआधी लघवीचं कल्चर करून घ्या. मान किंवा छातीच्या वरच्या मणक्याला इजा असेल आणि अचानक डोकं ठणकून घाम फुटला, तर तडक रुग्णालय गाठा.