संगणकाची दुसरी तबकडी

रत्नागिरी जिल्ह्यात मृगाचा पाऊस सुरू झाला, की विजेचा भरवसा राहत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आदळले, तेव्हा दापोली व मंडणगड तालुक्यांतील कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती. एरवीच्या पावसात वीज इतकी दीर्घकाळ जात नाही. ती जाते, येते आणि पुन्हा जाते. माणसाला याचा केवळ त्रास होतो. संगणकाच्या तबकडीवर, म्हणजे हार्ड डिस्कवर, नेमके त्याच क्षणी काही लिहिले जात असेल, तर ते लेखन मात्र अर्धवट राहते. हा अर्धवट भाग मूळ कार्यप्रणालीचाच असला, तर एखादे वेळी दुसऱ्या दिवशी यंत्र जागेच होत नाही. सोसायटीचे हिशेब, शाळेचे निकाल आत अडकून पडतात. अशा प्रसंगी काम थांबू नये म्हणून संगणकात दुसरी तबकडी बसवितात आणि तिच्यावरूनही तो सुरू होईल अशी योजना करतात.

ही योजना कळण्यासाठी संगणक जागा कसा होतो, हे आधी पाहिले पाहिजे. यंत्राला सारे काही शिकविणारी कार्यप्रणाली तबकडीवर असते; पण ती तबकडी वाचावी कशी, हे तरी यंत्राला कोणी सांगावे? पेटीची किल्ली पेटीतच राहावी, तसा हा पेच आहे. आपल्याच बुटांचे पट्टे ओढून स्वतःला वर उचलणे, असा एक वाक्प्रचार इंग्रजीत आहे; त्यावरूनच या क्रियेला ‘बूट होणे’ हे गमतीचे नाव मिळाले. हा पेच सोडविण्यासाठी मदरबोर्डवरील एका चिपमध्ये एक लहानसा प्रोग्रॅम कायमचा साठविलेला असतो. जुन्या यंत्रांत तो बायोस, नव्या यंत्रांत यूईएफआय. वीज येताच तो यंत्राच्या प्रमुख भागांची तपासणी करतो आणि नेमून दिलेल्या क्रमाने एकेका तबकडीकडे वळतो. बायोस तबकडीचा पहिला खंड तेवढा वाचतो. तो असतो अवघ्या ५१२ बाइटांचा. यूईएफआय मात्र त्यासाठी राखून ठेवलेल्या विभागात आरंभक प्रोग्रॅमची फाइल शोधतो. तेथून पुढे कार्यप्रणाली कारभार हाती घेते.

दुसरी तबकडी बसविणे फारसे अवघड नाही. वीज बंद करून तिला बहुधा दोन तारा जोडाव्या लागतात, एक विजेची आणि एक माहितीची. मग यंत्र सुरू होताच डिलीट, एफ-२ किंवा त्या यंत्रासाठी ठरलेली कळ दाबली, की तबकड्यांचा क्रम बदलता येतो.

खरी मेख निराळीच आहे. दुसऱ्या तबकडीवर विंडोज बसविताना पहिलीही जोडलेली असली, तर आरंभक पुष्कळदा पहिलीवरच्या जुन्या विभागात जाऊन बसतो. यंत्र उत्तम चालते, मालक निर्धास्त होतो. आणि पहिली तबकडी बिघडते त्या दिवशी दुसरीही मुकी होते! म्हणून जाणते कारागीर या कामाच्या वेळी पहिलीची तार काढूनच ठेवतात. त्यायोगे चुकून तिच्यावरचा मजकूर पुसला जाण्याचे भयही उरत नाही. काम झाल्यावर ते केवळ दुसऱ्या तबकडीवर यंत्र सुरू करून पाहतात, आणि मगच पहिली पुन्हा जोडतात.

तथापि दुसरी तबकडी म्हणजे हिशेबांची नक्कल नव्हे. ती नक्कल वेळोवेळी निराळी करावी लागते, आणि तीही दुसऱ्या जागी ठेवावी लागते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले. अशा पुरात एकाच पेटीतील दोन्ही तबकड्या एकदमच बुडतात.

मदरबोर्डवर नाण्याएवढी एक बॅटरी असते. जुन्या यंत्रांत ती संपली, की घड्याळ मागे पडते आणि तबकड्यांचा ठरविलेला क्रमही पुसला जातो. अशा वेळी तबकडीला दोष देण्यापूर्वी ती बॅटरी बदलून पाहावी.